बातमी आधी, सामना नंतर

आमच्या आणि हरिदास फुलझेल्यांच्या अंगणामधली भिंत कमरेएवढीच आहे. ती उंच करायचं दोन्ही घरांनी तीनदा ठरवलं, एकदा विटाही आणल्या, पण मग बोलायचं कुठून, या प्रश्नावर काम थांबलं. सकाळी सातला हरिदासभाऊ पलीकडे प्लास्टिकची खुर्ची टाकतात, मी अलीकडे तांदूळ निवडायला बसते, आणि देश चालू होतो.

भद्रावतीत त्यांना सगळे ओळखतात. 'दैनिक झरपटकाठ'चे ते तालुका वार्ताहर, सव्वीस वर्षांपासून. पगार नाही, ओळखपत्र आहे. ते दिवसभर गळ्यात आणि अंघोळीच्या वेळी खुंटीला असायचं. अंगात खिशाखिशांचं जॅकेट, तेही मे महिन्यात. आमच्याकडचा मे काय असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, पण हरिदासभाऊंना जॅकेटशिवाय पाहिलेलं माणूस वॉर्डात एकच आहे, आणि तिचं त्यांच्याशी लग्न झालं आहे. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढ्या खिशांत काय ठेवता?" म्हणाले, "सुगंधाबाई, चार खिशांत पेन, दोन खिशांत निमंत्रणपत्रिका, एकात गोळ्या. बाकीचे रिकामे." तर आतून माधवीताईंचा आवाज आला, "रिकाम्या खिशात स्वाभिमान ठेवते थे." माधवीताई अंगणवाडी चालवतात. तिथं पोरं सत्तावीस. घरचं धरून अठ्ठावीस, असा त्यांचा हिशेब.

हरिदासभाऊ पेपर मागून वाचतात. आधी खेळाचं पान, मग बाकीचं. त्यामागे त्यांचं तत्त्वज्ञान आहे, आणि ते मी निदान तीनशे वेळा ऐकलं आहे.

"खेळाचं पान तेवढं खरं, बाई. तिथी आधी मॅच होते, मंग बातमी. बाकीच्या पानाईवर आधी बातमी येते, मंग जमलं तं गोष्ट होते. आपल्या नाल्यावरच्या पुलाचं भूमिपूजन मी तीनदा छापलं. पूल एकदाही नाई छापला. काऊन? थो झालाच नाई."

राजकारणावरही त्यांचं माप ठरलेलं. "पुढारी केवढा मोठा हे त्याच्या उशिरावरून मोजाचं. अर्धा तास म्हणजे नगरसेवक. दोन तास म्हणजे लय वरचा. आन् जो टायमावर येते ना, थो मागच्या निवडणुकीत पडलेला असते."

टीव्हीवर त्यांचा राग वेगळा. चार माणसं एकाच वेळी ओरडतात, कोणाचं काही कळत नाही, आणि खाली पट्टीत लिहिलेलं असतं की चर्चा चालू आहे. अलीकडे वॉर्डातल्या दोन पोरांनी मोबाईलवर स्वतःचं चॅनल काढलं. स्पंजचा गोळा लावलेला माइक घेऊन ते एकमेकांचीच मुलाखत घेतात. हरिदासभाऊ म्हणतात, "मी सव्वीस वर्षं खालच्या आवाजात लिवलो. म्हणून आजवर माह्यावर एक बी दगड नाई आला." मी म्हटलं, "भाऊ, दगड फेकाले आधी वाचा लागते." त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा सोडला.

पण खरा माणूस दिसतो तो संगीतात. तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवत. वरोऱ्यापासून मूलपर्यंत गावोगाव फिरलेले. बेंजो अजून आहे, निळ्या मखमलीच्या गवसणीत. तीन वर्षांपूर्वी जयंतीला आमच्या गल्लीत भैयाजींचा डीजे शिरला. भैयाजी म्हणजे मंडपवाले, साउंडवाले आणि कंत्राटदार. वॉर्डात जिथं खुर्ची आहे तिथं भैयाजी अध्यक्ष आहेत. तर तो डीजे असा वाजत होता की माझ्या फळीवरच्या तीन ताटल्या स्वतःहून खाली उतरल्या. हरिदासभाऊंनी गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकली, मांडीवर बेंजो घेतला आणि वाजवायला लागले. ट्रक पुढे जाईना.

भैयाजी खाली उतरून त्यांच्या कानाशी ओरडले, "भाऊ, बाजूले सरका ना. कोणाले आयकू तरी येऊन राह्यलं का तुमचं?"

"मले येऊन राह्यलं."

चाळीस मिनिटं. शेवटी डीजे बंद करावा लागला. मग हरिदासभाऊंनी शांततेत दोन गाणी वाजवली, पोरं त्यावरही नाचली, आणि ते खुर्ची उचलून घरात गेले. दोन सूर चुकले होते. डीजे चालू राहिला असता तर तेवढे झाकले गेले असते, हे मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरून कळवलं.

असा हा ताठ माणूस. पण एका बाबतीत वाकडा होता, आणि ती गोष्ट आता सांगते.

पेपरचं जिल्ह्याचं पान संध्याकाळी पाचला बंद होतं. आणि कार्यक्रम सगळे संध्याकाळचे. म्हणून तालुक्यातला प्रत्येक वार्ताहर संध्याकाळची बातमी दुपारीच लिहून मोकळा होतो. पत्रिकेवरची नावं उतरवायची, 'मान्यवरांच्या उपस्थितीत थाटात संपन्न' लिहायचं, चारला मोबाईलवरून पाठवायचं, मग जॅकेट घालून कार्यक्रमाला जायचं. हरिदासभाऊंनी हे सव्वीस वर्षं केलं. एकदा एका पाहुण्याचं अख्खं भाषण छापून आलं. पाहुणे त्या दिवशी तापाने नागपुरात पडून होते. त्यांनी रागावण्याऐवजी फोन करून विचारलं, "भाषण चांगलं झालं म्हणे?" आमच्याकडे नातवाचं बारसं होतं तेव्हा मी आदल्या दिवशीच भिंतीवर गेले. "हरिदासभाऊ, पोराचं नाव काय ठेवलं ते आजच सांगून द्या, म्हणजे आत्याले ताण नाई." ते हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

या जानेवारीत वॉर्डाच्या मैदानावर कबड्डीचे सामने झाले. अध्यक्ष अर्थात भैयाजी. मुलींचा अंतिम सामना रविवारी पाचला होता. आमच्या वॉर्डाचा संघ आणि माजरीचा संघ. आमची कर्णधार दिव्यानी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, अंगाने काडी, पण चढाईला गेली की समोरच्या पोरी पाय आवरून उभ्या राहतात. तिचे वडील मुखरू चंद्रपुरात ऑटो चालवतात. त्यांनी पोरीचा खेळ कधी पाहिला नव्हता, कारण रविवारीच भाडं जास्त मिळतं. या रविवारी त्यांनी ऑटो घरी उभा केला आणि चारपासून पहिल्या ओळीत येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट घातलेला मुखरू मी त्यांच्या लग्नानंतर प्रथमच पाहिला.

हरिदासभाऊ माइकवर. सामन्यांचं समालोचन दरवर्षी तेच करतात. चारलाच त्यांनी बातमी पाठवली होती. अंतिम सामना चुरशीचा झाला, अमुक साहेबांच्या हस्ते बक्षीस वितरण झालं, वगैरे. फक्त विजेत्या संघाच्या नावाची जागा मोकळी सोडली होती. खेळाचं पान तेवढं पावणेआठपर्यंत उघडं असतं, म्हणून ते नाव फोनवर सांगायचं होतं.

पाच वाजले. साहेब, म्हणजे प्रमुख पाहुणे, आले की सामना सुरू, असं ठरलं. साडेपाच झाले, सहा झाले. मुखरूंनी दोनदा घड्याळ पाहिलं. सातला चंद्रपूर स्टेशनवर रेल्वेची भाडी असतात. जाता जाता पोरीला म्हणाले, "उद्या पेपरात वाचतो तुह्यं."

साहेब पावणेसातला आले. एकवीस हार, सात शाली. मग भाषण, त्यात मैदानी खेळ वाचले पाहिजेत यावर पस्तीस मिनिटं. त्यानंतर त्यांना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून भैयाजींनी ठरवलं की आधी बक्षीस द्यायचं. पण कोणाला? सामना व्हायचा होता. भैयाजींनी खिशातून नाणं काढलं. छापा माजरीचा, काटा भद्रावतीचा. छापा पडला. माजरीच्या पोरींना कप दिला, फोटो निघाला, साहेब गेले, त्यांच्यामागे गर्दी गेली, आणि भैयाजींची माणसं मॅट गुंडाळायला लागली. चौदा पोरी कपडे बदलून, गुडघ्याला पट्ट्या बांधून उभ्याच राहिल्या.

आणि माइकवर कोण होतं? "वेळेअभावी अंतिम सामन्याचा निकाल नाणेफेकीने जाहीर करण्यात येत आहे." हे हरिदासभाऊंच्याच तोंडून आम्ही ऐकलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तेव्हाच थोडा राग आला होता, पण मीही खुर्ची उचलून घरी आले, हे कबूल करते.

सोमवारी सकाळी हरिदासभाऊ खुर्चीवर बसले, पण पेपर हातात नव्हता. पेपरवर बसले होते.

"आज खेळाचं पान नाई आलं का?" मी विचारलं.

"आलं."

"मंग द्या ना इकडे."

दिला. तीन कॉलम बातमी. 'माजरीच्या मुलींचा थरारक विजय, भद्रावतीवर ३१-२९ने मात.' फोटोत साहेब आणि कप, मागे पोरींचे कोपर. वर ठळक अक्षरात हरिदास फुलझेले. मोकळ्या जागेत माजरीचं नाव आणि तो आकडा भैयाजींनी परस्पर फोन करून घातला होता. कप देतानाच्या फोटोला शोभेल असा. हरिदासभाऊंनी रात्री आठला पेपरला फोन केला होता, तेव्हा पान निघून गेलेलं.

"एकतीस-एकोणतीस," मी म्हटलं. "भाऊ, दोन गुण कमी पडले आपल्याले. कोणाच्या चुकीनं?"

माधवीताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक पान सोडलं होतं तुमी. त्याच्यावर बी थेच केलं." आणि अंगणवाडीला निघून गेल्या.

नऊच्या सुमारास दिव्यानी आली. पेपरची घडी हातात. जयभीम केला, पण बसली नाही.

"काका, आमी हरलो कवा?"

हरिदासभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाई म्हणजे मी तिथीच होती," ती म्हणाली. "पट्टी बांधून उभी होती. मले तं खेळ दिसला नाई. तुमाले कुठून दिसला?"

"पोरी, थे आकडे मी नाई दिले."

"नाव तुमचं हाये ना वर."

"हाये."

"बाबानं ऑटो स्टँडवर वाचलं. तिथून फोन केला, हरली तं हरली, रडू नोको. मी म्हटलं, बाबा, खेळच झाला नाई. तं थे म्हणते, हरल्यावर सगळे असंच सांगते. पेपरात खोटं कायले लिवन कोणी, आन् हरिदासभाऊ तं लिवणारच नाई." ती थांबली. "घरी मी खोटारडी झाली, काका. तुमच्या नावामुळं."

मला बोलायला दोन-तीन चांगली वाक्यं सुचली होती. मी ती गिळली. हरिदासभाऊ उठले, आत गेले, फोन घेऊन आले आणि तिच्यासमोरच लावला. त्यांचा एक कान कमी आहे म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यामुळे या वॉर्डात गुप्त असं काही राहिलेलं नाही.

चंद्रपूरला पानाचे प्रमुख गुणवंतराव होते. हरिदासभाऊंनी सांगितलं, कालची बातमी चुकली, सामना झालाच नाही, दुरुस्ती छापा, माझ्या नावाने छापा.

"हरिदासभाऊ," गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "साहेबांची जाहिरात त्याच अंकात आहे. पहिल्या पानावर. दुरुस्ती म्हणजे साहेब खोट्या सामन्याला गेले असं होते."

"गेलेच होते."

"अहो, मुलींची कबड्डी. कोण पाहते?"

"समोर उभी हाये एक. तिच्याशी बोलता का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. दिव्यानी म्हणाली, "मंग काय करता?" ते म्हणाले, "रविवारी पाह्य."

रविवारी त्यांचं सदर असतं, 'चौकातला बाक'. कधी डीजेवर, कधी रस्त्यावर, कधी टीव्हीवर. त्या आठवड्यात त्यांनी ते चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा भिंतीवरून मला वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात पत्रकारितेचा इतिहास होता. मी म्हटलं, हा काढा. दुसऱ्यात देशाची स्थिती होती. ती माधवीताईंनी काढली. चौथ्यात अकरा ओळी उरल्या. मी सामना व्हायच्या आधी बातमी लिहिली, सव्वीस वर्षं अशीच लिहिली, यावेळी ती खोटी ठरली, सामना झाला नाही, भद्रावतीच्या मुली हरल्या नाहीत. खाली नाव. त्यांच्या हातून इतकं छोटं लिहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि पहिल्यांदाच मध्ये बोलले नाही.

रविवारी सदराच्या जागी 'थंडीत त्वचेची काळजी' आलं. लिंबू, मध आणि दुधाची साय.

हरिदासभाऊंनी ते सगळं वाचलं, सायीसकट. मग जॅकेट घातलं आणि बाहेर पडले. वॉर्डाच्या वाचनालयाबाहेर मोठा काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर सुविचार लिहायचं काम त्यांचंच. त्या दिवशी त्यांनी फळ्याच्या वरपासून खालपर्यंत त्याच अकरा ओळी लिहिल्या. वर मथळा 'दुरुस्ती'. दुपारपर्यंत अर्धा वॉर्ड वाचून गेला. संध्याकाळी फळा ओल्या फडक्याने पुसलेला होता, कारण वाचनालयाचे अध्यक्ष कोण, ते मी आधी सांगितलंच आहे.

सोमवारी परत लिहिलं. परत पुसलं. मंगळवारी तिसऱ्यांदा लिहीत होते तेव्हा भैयाजी स्वतः सोनपापडीचा डबा घेऊन आले. मी भाजीच्या निमित्ताने तिथंच उभी होते. भाजी घेतली नाही, ते सोडा.

"भाऊ, दुरुस्ती लिवा, माही ना नाई," भैयाजी म्हणाले. "पण जराशी लिवा. कोपऱ्यात. एवढी मोठी कायले?"

"खोटं केवढं होतं? तीन कॉलम. तं हे बी तेवढंच राहीन."

"साहेब नाराज होईन. तुमचं कार्ड जाईन, भाऊ. सव्वीस वर्षांचं."

"जाऊ द्या."

"आन् मंग काय पत्रकार म्हणून फिरसान तुमी? फळ्यावरचे पत्रकार?"

"फळ्यावर चूक झाली तं माह्या हातानं पुसता येते," हरिदासभाऊ म्हणाले. "तुमच्या फडक्याची गरज नाई." आणि खडू उचलून उरलेली ओळ पूर्ण केली. भैयाजींनी डबा कट्ट्यावर ठेवला, तो मी उचलून शेजारच्या पोरांत वाटून टाकला. कोणाच्या बाजूने खाल्ला, हे पोरांनी विचारलं नाही.

बुधवारी गुणवंतरावांचा फोन आला, ओळखपत्र जमा करा. हरिदासभाऊंनी ते पाकिटात घालून चंद्रपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं. मला वाटलं, माणूस आता खाली बसेल. तर जॅकेट धुवायला टाकलं आणि म्हणाले, "मान हलकी वाटून राह्यली."

पण खरी अडचण तशीच होती. मुखरूंनी फळा वाचला आणि त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. गुरुवारी ते आमच्या भिंतीपाशी आले, हातात तोच पेपर, घडी पडून पडून फाटत आलेला.

"भाऊ, तुमी पोरीच्या पायी कार्ड गमावलं म्हणते. कायले? तिनं रडून सांगितलं असन, तुमचं मन मऊ."

"मुखरूभाऊ, मी खरंच लिवलो फळ्यावर."

"फळ्यावर तं कोणी बी लिवते. पेपरात छापून हाये." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "एकतीस-एकोणतीस. आता मले सांगा, खेळ नाई झाला तं एकोणतीस कुठून आले?"

उत्तर सोपं होतं, भैयाजींच्या डोक्यातून आले, पण छापलेल्या आकड्यापुढे कोणाचं डोकं चालतं? हरिदासभाऊंनी स्वतःच त्या माणसाला सव्वीस वर्षं छापलेल्यावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

"रविवारी सकाळी काय करता?" त्यांनी विचारलं.

"भाडे राहते."

"आठला मैदानावर या. तासभर. त्यानंतर जे म्हणाचं थे म्हणा."

मग ते मोपेडवर बसून माजरीला गेले. माजरीची कर्णधार रिना म्हणे लगेच तयार झाली. "काका, कप घरी हाये," ती म्हणाली, "पण मैतरणी विचारते, शेवटची पकड कोणी केली, तं काय सांगू? नाण्यानं केली?" त्यांच्या संघाने सांगितलं, आम्ही येतो, कप घेऊन येतो, मग जो जिंकेल तो नेईल.

भैयाजींनी मॅट दिली नाही. मॅट मंडळाची आहे, आणि मंडळाचे अध्यक्ष, असो. माइकही त्यांचाच. शनिवारी आम्ही बायकांनी मैदानावर बादल्यांनी पाणी मारलं, माती बसवली. माधवीताईंनी अंगणवाडीतल्या पोरांसाठी आखतात तशा चुन्याच्या रेघा आखल्या, आणि चुकून एका कोपऱ्यात फूल काढलं. शाळेतले अजय सर पंच म्हणून आले. शिटी स्वतःची आणली.

रविवारी आठला मैदानावर ना मंडप होता, ना शाल, ना हार. दोनशे माणसं मात्र होती. त्यांतली निम्मी सामना पाहायला आली होती आणि निम्मी भैयाजी काय करतात ते पाहायला. भैयाजींनी काही केलं नाही. घराच्या गच्चीवरून पाहत होते, हे मी वर पाहिलं तेव्हा दिसलं. मुखरू रोजच्या खाकी शर्टात आले होते, ऑटो रस्त्यावर उभा, किल्ली हातात.

हरिदासभाऊंनी माइकशिवाय समालोचन केलं. "दिव्यानी चढाईला... उजव्या कोपऱ्यावर... बोनस घेतला..." दुसऱ्या डावात त्यांचा आवाज बसला, तरी बंद झाले नाहीत. त्यांच्या शब्दाआधी लोकांना खेळच दिसत होता, त्यामुळे फारसं अडलंही नाही. माजरीच्या पोरी दांडग्या. रिनाने दोनदा दिव्यानीला पायाला धरून जमिनीवर आणलं, तेव्हा मुखरूंची किल्ली हातातून पडली, ती त्यांनी उचलली नाही. शेवटच्या मिनिटाला माजरी चार गुणांनी पुढे होती. दिव्यानी शेवटची चढाई घेऊन गेली. धुळीचा लोट उठला, तिच्यावर चार-पाच पोरी पडल्या, आणि तिचं बोट मध्यरेषेला लागलं. अजय सरांनी तीन गुण दिले. माजरी एका गुणाने जिंकली.

रिनाने कप परत उचलला. या वेळी त्याला धरलेले सात हात मला पूर्ण दिसले.

मुखरू पोरीजवळ गेले. खिशातला तो पेपर काढून तिच्या कोपराचं रक्त पुसलं, आणि म्हणाले, "चाल, दवाखान्यात नेतो. आज मीटर नाई लावत."

मला वाटलं, संपलं. पण दुपारी वाचनालयाकडून भांडणाचा आवाज आला, म्हणून मी हातातलं काम टाकून गेले. हरिदासभाऊ फळ्यापाशी होते, दीड तासापासून म्हणे लिहीत होते. आधी लिहायचे तेव्हा दहा मिनिटांत व्हायचं. पाहून लिहायला वेळ लागतो, अशी त्यांची तक्रार होती. पट्टी बांधलेला हात कमरेवर ठेवून दिव्यानी समोर.

"काका, शेवटच्या चढाईत चार होते. चौथीले पायाची बोटं लागली माही. चार लिवा, म्हणजे बरोबरी होते."

"तीन होते."

"मले लागली थे मले माहीत का तुमाले?"

"तुले लागली असन. मले दिसली नाई. मी तीन पाह्यले."

"तुमी आमच्यासाठी कार्ड देल्लं ना? मंग एक गुण द्याले काय जाते?"

"थे कार्ड मी एका गुणासाठी नाई देल्लं, पोरी."

ती हटेना, ते हटेनात. मला विचारलं, मी म्हटलं, त्या वेळी माझ्या डोळ्यांत धूळ होती. ही खरी गोष्ट आहे. शेवटी हरिदासभाऊंनी खडू घेतला आणि खाली लिहिलं: 'शेवटच्या चढाईत आपल्याला चार गुण मिळायला हवे होते, असे भद्रावतीची कर्णधार दिव्यानी हिचे म्हणणे आहे. पंचांनी व वार्ताहराने तीन पाहिले.'

दिव्यानीने दोनदा वाचलं. "माह्यं म्हणणं आधी लिवा," ती म्हणाली. "तुमचं मंग."

"आधीच तं हाये."

"मोठ्या अक्षरात."

एवढं मात्र त्यांनी ऐकलं. पुसून तिचं वाक्य मोठं लिहिलं, त्यात जागा संपली आणि सुविचार काढावा लागला. चारच्या सुमारास वाचनालयाचा माणूस ओला फडका घेऊन आला. माजरीच्या पोरींची बस साडेपाचला होती, म्हणून दोन्ही संघ फळ्याखालच्या कट्ट्यावर पाय सोडून मी दिलेले मुरमुरे खात आणि शेवटच्या चढाईवर भांडत बसले होते. चौदा जणी, ओळीने, पाठी फळ्याखालच्या भिंतीला टेकवून. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग फडका पिळला, खांद्यावर टाकला, आणि तीन होते का चार हे विचारायला त्यांच्याजवळ बसला.